ड्राइव्ह बदलला की मराठी फाइलनावं का बिघडतात, आणि ती कशी सावरायची

विंडोजवर व्यवस्थित दिसणारा ‘दुसऱ्या सत्राची टिपणं’ हा फोल्डर लिनक्सवर उघडला आणि नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली, तर आधी एकच करा: त्याला हात लावू नका. नाव बदलू नका, दुसरीकडे कॉपी करू नका, ‘दुरुस्ती’ करणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. बहुतेक वेळा डिस्कवर लिहिलेलं नाव शाबूत असतं. ते वाचून दाखवणारा मधला दुभाषा चुकत असतो. त्या अवस्थेत कॉपी केली की तोवर फक्त पडद्यावर असलेली प्रश्नचिन्हं खरोखर डिस्कवर लिहिली जाऊ शकतात, आणि मग त्या प्रतीतून मूळ नाव परत मिळत नाही.

म्हणून या लेखातला निम्मा भाग दुरुस्तीआधीच्या तपासणीचा आहे. तो वगळून थेट आज्ञांकडे धावू नका. आज्ञांची आणि पर्यायांची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये, छोट्या लिपीतल्या अक्षरांत टाइप करायची.

आधी ओळखा: बिघडलंय नक्की काय?

नाव बिघडण्याच्या पाच-सहा तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. सुदैवाने पडद्यावर काय दिसतंय यावरूनच बरंचसं कळतं.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर दोष फॉन्टचा. नाव जसंच्या तसं आहे, त्या संगणकाकडे देवनागरीची अक्षरं नाहीत एवढंच. नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट बसवा आणि विषय संपवा. विंडोजच्या जुन्या काळ्या कन्सोलमध्ये देवनागरी चौकोनांत दिसणं तर नेहमीचंच. तिथे दिसलेल्यावर कधीच निर्णय घेऊ नका, एक्सप्लोरर उघडून पाहा.

प्रश्नचिन्हं असतील तर ती मोजा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण याहून स्वस्त तपासणी नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकाच्या लेखी सात चिन्हांचा आहे: द, उकार, स, ऱ, हलन्त, य आणि काना. यूटीएफ-८ या संकेतनात (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत) देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे हाच शब्द एकवीस बाइटांचा झाला. सात प्रश्नचिन्हं दिसली तर युनिकोडमधून (सगळ्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचातून) एखाद्या छोट्या, जुन्या अक्षरसंचात रूपांतर करायचा प्रयत्न कुठेतरी झालाय. एकवीस दिसली तर बाइट जसेच्या तसे आहेत, फक्त तुमच्या टर्मिनलचं लोकॅल (भाषा आणि संकेतन ठरवणारं सेटिंग) यूटीएफ-८ नाही. लिनक्सवर ‘लोकॅल’ ही आज्ञा देऊन पाहा. उत्तरात नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ आलं तर चोर सापडला. क्रॉनमधून ठरल्या वेळी चालणारी कामं, एसएसएचने दुरून जोडलेली सत्रं आणि कंटेनर यांत हे हमखास होतं. एलएसच्या (फाइलींची यादी छापणाऱ्या आज्ञेच्या) नव्या आवृत्त्या प्रश्नचिन्हांऐवजी ‘३४० २४४’ असे तीन-तीन आकडे उलट्या तिरक्या दंडांसह छापतात. तो तर चांगलाच शकुन: देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट अष्टमान पद्धतीत ३४० २४४ किंवा ३४० २४५ असेच असतात.

रोमन अक्षरांचं जंजाळ दिसत असेल तर त्यात पुन्हापुन्हा येणारी जोडी शोधा. डोक्यावर डावीकडे कललेली रेघ असलेला छोटा ए आणि त्याला चिकटून चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, अशी जोडी सारखी येत असेल, तर यूटीएफ-८चे बाइट विंडोज-१२५२ म्हणून वाचले गेलेत. जोडी ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन अशी असेल, तर ते डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजमधून (जुन्या, छोट्या अक्षरसंचातून) आलंय, आणि तेव्हा दहातले नऊ वेळा गुन्हेगार झिप फाइल असते. अल्फाच्या जागी डोक्यावर रेघ असलेला मोठा ओ दिसला तर कोडपेज ८५०. या तीन जोड्या लक्षात ठेवल्या तर ‘मूळ संकेतन कोणतं’ या प्रश्नाचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

नाव सहा-आठ रोमन अक्षरांचं होऊन शेवटी नागमोडी चिन्ह आणि एखादं अक्षर किंवा आकडा आला असेल, तर विंडोजला न चालणारं नाव सांबा सर्व्हरने (विंडोजच्या संगणकांना नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या सॉफ्टवेअरने) तात्पुरतं मोडून दाखवलंय. आणि अगदी सारखी दिसणारी दोन नावं एकाच फोल्डरमध्ये शेजारी बसली असतील, तर तो वेगळाच प्रकार आहे. मराठीत तो जरा जास्तच सतावतो, म्हणून त्याच्यासाठी खाली स्वतंत्र भाग ठेवलाय.

नाव डिस्कवर कसं लिहिलं जातं

एनटीएफएस आणि एक्सफॅट या फाइलप्रणालींवर (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतींवर) नावं यूटीएफ-१६मध्ये असतात, कमाल २५५ एकक. फॅट३२ दोन नावं ठेवते: एक डॉसच्या काळातलं आठ अधिक तीन अक्षरांचं, जुन्या कोडपेजमधलं, आणि विंडोज ९५पासून आलेलं लांब नाव, युनिकोडमधलं. या तिन्हींवर देवनागरी नाव मुळात सुरक्षित असतं, कारण डिस्कवरचं संकेतन ठरलेलं आहे.

लिनक्सची एक्स्ट४ वेगळ्या विचाराची. तिच्या लेखी नाव म्हणजे २५५पर्यंत बाइटांची माळ. शून्य बाइट आणि तिरका दंड सोडून काहीही चालतं. ते बाइट यूटीएफ-८ आहेत की आणखी काही, हे ती विचारत नाही आणि नोंदवूनही ठेवत नाही. म्हणूनच खरा, कायमचा कचरा सगळ्यात जास्त एक्स्ट४वर सापडतो: चुकीच्या लोकॅलने उलगडलेली एक झिप, आणि डिस्कवर खरोखर निरर्थक बाइट लिहिले जातात.

मॅकची जुनी एचएफएस प्लस (१९९८) यूटीएफ-१६च वापरते, पण नाव लिहिण्याआधी जोडलेली चिन्हं सुटी करते. २०१७ साली मॅकवर आलेली एपीएफएस नाव जसं दिलं तसं ठेवते, तुलना करताना मात्र जोडलेलं आणि सुटं एकच मानते. एनटीएफएस आणि एक्स्ट४ असली कुठलीच समजूत दाखवत नाहीत. बाइट वेगळे, तर नावं वेगळी.

लिनक्सवर पेनड्राइव्ह: माउंटचा पर्याय

डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह लावला की तो आपोआप माउंट होतो (म्हणजे फोल्डरांच्या झाडाला जोडला जातो) आणि सहसा योग्य पर्यायांनीच होतो. त्रास होतो तो कधीकाळी हाताने लिहिलेल्या एफस्टॅबच्या (कोणते ड्राइव्ह कसे माउंट करायचे ते सांगणाऱ्या फाइलच्या) ओळीमुळे, किंवा सर्व्हरवर मारलेल्या साध्या माउंट आज्ञेमुळे. फॅटसाठी कर्नलचा मूळ अक्षरसंच आयएसओ-८८५९-१ असू शकतो आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. परिणाम वर सांगितलेली सात प्रश्नचिन्हं. फाइल यादीत दिसते, उघडायला गेलं तर ‘अशी फाइल नाही’ म्हणते.

उपाय सोपा आहे:

१. ‘माउंट’ आज्ञा नुसती चालवून त्या ड्राइव्हची ओळ शोधा. प्रकार व्हीफॅट (लिनक्समधलं फॅटचं नाव) आहे का आणि पर्यायांत ‘आयओकॅरसेट’ काय आहे ते बघा.

२. ड्राइव्ह अनमाउंट करा.

३. पुन्हा माउंट करताना पर्यायांत ‘यूटीएफ८’ हा शब्द सुटा द्या. ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ देऊनही नावं दिसतात, पण व्हीफॅटवर ते टाळा; त्याने रोमन नावांच्या बाबतीत छोट्या-मोठ्या अक्षरांचा भेद होऊ लागतो आणि विंडोजशी नवा घोळ सुरू होतो.

४. नावं नीट दिसली की हाच पर्याय एफस्टॅबमध्ये लिहा.

एक्सफॅटचा कर्नलमधला ड्रायव्हर (५.७ आवृत्तीपासूनचा, २०२०चा) मुळातच यूटीएफ-८ धरून चालतो, तिथे काही करावं लागत नाही. नेटवर्कवरचा विंडोज फोल्डर सीआयएफएसने जोडत असाल तर तिथे मात्र ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ हाच पर्याय द्यायचा. हो, दोन ठिकाणी दोन नियम. कर्नल मंडळींनी आपल्यासाठी सोपं करून ठेवलेलं नाही.

विंडोजची बाजू

एक्सप्लोरर स्वतः युनिकोडमध्येच काम करतो, त्यामुळे तिथे देवनागरी नावं क्वचितच बिघडतात. बिघडवतात ते जुने प्रोग्रॅम, जे विंडोजच्या ‘एएनएसआय’ मार्गाने फाइली उघडतात. रशियन किंवा ग्रीक नावांना त्या मार्गावर निदान आपापलं कोडपेज तरी आहे. मराठी आणि हिंदीला विंडोजने तसं कोडपेज कधी दिलंच नाही. या भाषा तिथे थेट युनिकोड म्हणूनच आल्या. त्यामुळे असल्या प्रोग्रॅममध्ये मराठी नाव म्हणजे प्रश्नचिन्हं हे ठरलेलंच. बॅकअप घेणारं किंवा स्कॅनिंगचं एखादं जुनं सॉफ्टवेअर ‘काही फाइली सापडल्या नाहीत’ म्हणून गप्प बसत असेल तर संशय इथेच घ्या.

प्रदेशाच्या सेटिंगमध्ये, प्रशासकीय टॅबवर, सिस्टीम लोकॅल बदलायच्या खिडकीत ‘जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा’ असा एक चौकोन आहे, त्याच्यापुढे ‘बीटा’ लिहिलेलं असतं. त्यावर खूण केली की असे बरेच प्रोग्रॅम सुधारतात. पण काही जुने प्रोग्रॅम त्याने उलट बिघडतातही, म्हणून कार्यालयातल्या कामाच्या संगणकावर तो सहज म्हणून चालू करू नका.

आणखी एक फसवी जागा: ‘डीआयआर’ आज्ञेची यादी फाइलमध्ये वळवली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि लोक घाबरतात. ड्राइव्ह ठणठणीत असतो, यादी तेवढी कोडपेजमध्ये लिहिली जाते. यादी काढण्यापूर्वी ‘सीएचसीपी ६५००१’ द्या, किंवा सीएमडी ‘/यू’ पर्यायाने सुरू करा म्हणजे यादी यूटीएफ-१६मध्ये मिळेल.

‘ऱ’ची गोष्ट

आता तो जुळ्यांचा प्रकार. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘बऱ्याच’ असे शब्द फाइलनावांत सतत येतात. त्यातलं ‘ऱ्या’ तीन प्रकारे टाइप झालेलं असू शकतं आणि तिन्ही पडद्यावर तंतोतंत सारखी दिसतात. एलएसला ‘-बी’ पर्याय देऊन, आणि आज्ञेपुढे ‘एलसी_ऑल=सी’ (हे मात्र मोठ्या अक्षरांत) लावून, बाइट छापले तर फरक उघडा पडतो. कान्याच्या आधीचा भाग असा दिसतो:

पहिला प्रकार, स्वतंत्र ऱ, हलन्त, य: ३४० २४४ २६१, ३४० २४५ २१५, ३४० २४४ २५७.

दुसरा, साधा र, त्याला नुक्ता, हलन्त, य: ३४० २४४ २६०, ३४० २४४ २७४, ३४० २४५ २१५, ३४० २४४ २५७.

तिसरा, साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य: ३४० २४४ २६०, ३४० २४५ २१५, ३४२ २०० २१५, ३४० २४४ २५७.

पहिला आणि दुसरा युनिकोडच्या नियमाने समान आहेत. पहिल्याला जोडलेलं रूप म्हणजे एनएफसी म्हणतात, दुसऱ्याला सुटं रूप म्हणजे एनएफडी. एचएफएस प्लसने नाव लिहिलं की पहिल्याचं दुसरं होतं. तो फोल्डर लिनक्सवर आणला, तिथे विंडोजवरून आलेला त्याच नावाचा फोल्डर आधीच असला, की झाली जुळी. मग आरसिंक (दोन जागच्या फाइली सारख्या ठेवणारं साधन) दर वेळी सगळ्या फाइली नव्याने पाठवतं, गिटला (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला) एक फाइल नवी आणि एक हरवलेली वाटते, आणि शोध घेतला की निम्म्याच फाइली मिळतात.

तिसरा प्रकार जास्त वाईट. जोडक वापरून ‘ऱ्या’ लिहायची रीत अनेक जुन्या कीबोर्डांत आणि लिप्यंतर करणाऱ्या साधनांत होती, अजूनही सापडते. इनस्क्रिप्टमध्ये ऱ ला स्वतंत्र कळ आहे. या तिसऱ्या रूपाला युनिकोडचं कोणतंही प्रमाणीकरण पहिल्यासारखं मानत नाही. एनएफसी करा, एनएफडी करा, जुळी तशीच राहतात. वर एचएफएस प्लस नावांची तुलना करताना हा जोडक मोजतच नाही. म्हणजे ‘दर्या’ (समुद्र) आणि जोडक वापरून लिहिलेलं ‘दर्‍या’ (डोंगरातल्या) या दोन फोल्डरांना ती एकच समजते आणि दुसऱ्याला जागा देत नाही. लिनक्सवर दोन्ही सुखाने नांदत असतात.

नुक्त्याची आणखी एक गंमत. ‘ग़ज़ल’मधले ग़ आणि ज़ एकेका चिन्हानेही लिहिता येतात, पण युनिकोडने ती चिन्हं जोडणीतून मुद्दाम वगळलीत. एनएफसी केलं तरी ती सुटीच होतात. ऱ मात्र एनएफसीत जोडला जातो. तेव्हा ‘एनएफसी म्हणजे सगळं जोडलेलं’ असं धरून स्क्रिप्ट लिहू नका.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी जोडकवाली रूपं शोधा आणि र-हलन्त-जोडक या तीन चिन्हांच्या जागी ऱ-हलन्त घाला. विंडोजवर पॉवररीनेम, लिनक्सवर पर्लचं रीनेम हे काम करतं. मग सगळ्या झाडावर एनएफसी चालवा. लिनक्सवर त्यासाठी कॉन्व्हएमव्ही आहे (सी-ओ-एन-व्ही-एम-व्ही): ‘-एफ’ आणि ‘-टी’ दोन्हीला यूटीएफ-८, सोबत ‘--एनएफसी’, आणि उपफोल्डरांसाठी ‘-आर’. जुळी आधीच तयार झाली असतील तर नाव बदलताना ‘हे नाव आहेच’ अशी तक्रार येईल. तिथे हातानेच बघावं लागतं: दोन्ही फोल्डरांतल्या फाइलींची तुलना करा आणि मगच एक काढा. यात घाई करण्यासारखं काही नाही.

मॅक आणि लिनक्समध्ये नेहमी देवाणघेवाण असेल तर दर वेळी दुरुस्त करण्यापेक्षा वाटेतच रूपांतर करा. आरसिंकला ३.० आवृत्तीपासून (२००८) ‘--आयकॉन्व्ह’ पर्याय आहे. मॅकवरून आज्ञा देताना त्याची किंमत ‘यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८’ अशी लिहायची: आधी आपल्या बाजूचं संकेतन, मग पलीकडचं. फाइली पाठवत असा की मागवत असा, क्रम हाच. मॅकसोबत वर्षानुवर्षं मिळत आलेल्या जुन्या आरसिंकमध्ये हा पर्याय नाही, नवी आवृत्ती वेगळी बसवावी लागते. गिटसाठी मॅकवर ‘कोअर.प्रीकंपोजयुनिकोड’ चालू ठेवा. आणि कुठल्याही संगणकावर ‘कोअर.कोटपाथ’ बंद करा, म्हणजे गिट स्टेटसमध्ये मराठी नावांऐवजी ते ३४० २४४ छापायचं थांबतं.

झिप

झिपचा मूळ आराखडा डॉसच्या काळातला. नावं कोडपेज ४३७मध्ये आहेत असंच तो धरतो. पुढे प्रत्येक नोंदीवर ‘हे नाव यूटीएफ-८ आहे’ असं सांगणारा एक बिट आला. नाव यूटीएफ-८मध्ये पण बिट लावलेला नाही, असा प्रकार मॅकच्या अंगभूत झिपमध्ये बराच काळ दिसत आलाय. उघडणाऱ्याने मग नियमाप्रमाणे ४३७ धरलं की अल्फा आणि नागमोडी एन हजर.

अशी झिप मिळाली तर उलगडून नावं दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, पुन्हा नीट उलगडा. लिनक्सवर ‘अनआर’ला ‘-ई’ पुढे यूटीएफ-८ द्या. उबुंटू आणि डेबियनच्या अनझिपला मोठ्या ओचा पर्याय आहे, विंडोजवर बनलेल्या झिपसाठी तोही हेच करतो. विंडोजवर सेव्हन-झिपच्या आज्ञेला ‘-एमसीपी=६५००१’ द्या. झिप स्वतः बनवणार असाल तर सेव्हन-झिपमध्ये ‘-एमसीयू=ऑन’ ठेवा, म्हणजे बिट नक्की लागतो.

खरोखर बिघडलेली नावं परत आणणं

बिघाड डिस्कवर लिहिला गेलाय याची खात्री कशी करायची? यूटीएफ-८ लोकॅलमध्ये ‘फाइंड’ची यादी ‘ग्रेप’कडे पाठवा, ग्रेपला ए, एक्स, व्ही हे तीन पर्याय आणि ‘बिंदू-तारा’ हा नमुना द्या. जी नावं वैध यूटीएफ-८ नाहीत तेवढीच छापली जातील. ही यादी रिकामी आली, तरीही नावं रोमन जंजाळात असली, तर ती दुहेरी संकेतित आहेत: यूटीएफ-८ बाइट १२५२ समजून पुन्हा यूटीएफ-८ केलेले.

कॉन्व्हएमव्ही मुळात फक्त चाचणी करतं, ‘--नोटेस्ट’ दिल्याशिवाय एकही नाव बदलत नाही. ही त्याची सगळ्यात चांगली गोष्ट. क्रम:

१. फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि सगळ्या नावांची यादी एका फाइलमध्ये जतन करा.

२. दुहेरी संकेतनासाठी ‘-एफ’ला यूटीएफ-८, ‘-टी’ला विंडोज-१२५२ आणि सोबत ‘--फिक्सडबल’ द्या. ४३७ची जोडी दिसत असेल तर ‘-टी’ला सीपी४३७.

३. चाचणीत छापलेली नवी नावं डोळ्यांखालून घाला. सगळी नाही, पण जोडाक्षरं असलेली जरूर.

४. समाधान झालं तरच ‘--नोटेस्ट’.

जोडाक्षरांवर भर देण्याचं कारण आहे. विंडोज-१२५२मध्ये पाच बाइटांना अक्षरच नेमलेलं नाही, आणि हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका त्या पाचांपैकी एक आहे. उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ यांचंही तेच. काही प्रोग्रॅम अशा बाइटाचं अदृश्य नियंत्रणचिन्ह करून तो जपतात, काही तो टाकून देतात किंवा तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात. जपला असेल तर ‘-टी’ला आयएसओ-८८५९-१ देऊन पाहिल्यावर काही नावं सुटतात. टाकला असेल तर ‘क्षेत्र’मधला हलन्त गेला तो गेलाच; ते नाव फाइल उघडून, आतला मजकूर वाचून हातानेच द्यावं लागेल. खरी प्रश्नचिन्हं लिहिली गेलेल्या नावांचंही तसंच.

टाइपच करता येत नाही असं नाव बदलायचं असेल तर ‘एलएस -आय’ने फाइलचा आयनोड क्रमांक (फाइलप्रणालीतला तिचा ओळखक्रमांक) घ्या आणि ‘फाइंड’ला ‘-आयनम’ देऊन ‘-एक्झेक’मध्ये एमव्ही चालवा. नावाला स्पर्शही करावा लागत नाही.

लांबी आणि निषिद्ध चिन्हं

एक्स्ट४ची मर्यादा २५५ बाइटांची आणि देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे नावात फार तर ८५ चिन्हं बसतात, काना-मात्रा-हलन्त धरून. एनटीएफएसवर २५५ बसतात. त्यामुळे विंडोजवरचं लांबलचक शासकीय थाटाचं शीर्षक लिनक्सवर कॉपी करताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडतं, आणि रोमन नावं वापरणाऱ्या सहकाऱ्याला ही अडचण आयुष्यात येत नाही. ईक्रिप्टएफएसने कूटबद्ध केलेल्या फोल्डरवर मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. नाव चाळीस चिन्हांच्या आत ठेवलं की कुठेच अडत नाही.

चिन्हांचं थोडक्यात: अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, उभा दंड, दुहेरी अवतरण, दोन्ही कोनकंस आणि दोन्ही तिरके दंड विंडोजला चालत नाहीत. लिनक्सवरून एनटीएफएसवर लिहिताना ‘विंडोज_नेम्स’ हा माउंट पर्याय लावा. असली नावं तो लिहूच देत नाही. मराठीत जास्त घात करतो तो शेवटचा बिंदू. ‘इ.’, ‘डॉ.’, ‘क्र.’ असं संक्षेपाने संपणारं फोल्डरनाव लिनक्सवर बिनतक्रार बनतं, विंडोजवर मात्र ते ना उघडतं ना पुसलं जातं. विंडोजवरच ते काढायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टवर पूर्ण मार्गाच्या आधी दोन उलटे तिरके दंड, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटा तिरका दंड लावा. मग विंडोज नावाची छाननी न करता ते जसंच्या तसं घेतं.

मोठी कॉपी करण्याआधी

नव्या जोडणीवर शेकडो जीबी ओतण्यापूर्वी एक चाचणीचा फोल्डर बनवा. त्यात रिकाम्या फाइली ठेवा: ‘दुसऱ्या’ तिन्ही रूपांत, ‘ग़ज़ल’, ‘झुंज’, ‘क्षेत्र’, ऐंशी चिन्हांचं एक नाव आणि नव्वद चिन्हांचं एक. हा फोल्डर ज्या वाटेने खरा डेटा जाणार त्याच वाटेने पाठवा; मध्ये झिप असेल तर झिप करून, सांबा असेल तर सांबावरून, आणि मग मूळ संगणकावर परत आणा. सांबा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘युनिक्स कॅरसेट’ यूटीएफ-८ आहे ना हे ‘टेस्टपार्म’ने पाहून घ्या. एनएफएस (युनिक्समधली नेटवर्कवरून फोल्डर जोडायची पद्धत) नावांकडे नुसते बाइट म्हणूनच बघतं, तेव्हा मॅकवरून एनएफएस जोडताना ‘एनएफसी’ हा माउंट पर्याय द्यायचा.

परत आलेल्या फोल्डरातल्या फाइली आधी मोजा, मग मूळ आणि परतीच्या नावांचे बाइट ‘-बी’ने छापून दोन्ही याद्या ‘डिफ’ने ताडून बघा. संख्या कमी भरली तर जुळ्यांपैकी एखादी वाटेत दुसरीत मिसळली किंवा नव्वदवाली गळाली. संख्या जुळली पण बाइट बदलले, तर वाटेत कोणीतरी प्रमाणीकरण करतंय; ते कोण हे एकेक टप्पा वगळून शोधा आणि मगच खऱ्या डेटाला हात घाला.